‘सेव्ह’ करताच कोडची मांडणी: टेक्स्ट एडिटरमध्ये स्वयंचलित फॉरमॅटर बसवण्याची सविस्तर पद्धत

गुहागर तालुक्यातील आमच्या वाडीसाठी मी एक छोटे संकेतस्थळ सांभाळतो. त्यावर भरती-ओहोटीच्या वेळा, दोन-तीन घरांतील पाहुण्यांच्या राहण्याची सोय आणि कोकम आगळ, आंबापोळी, फणसपोळी यांचे दर एवढाच मजकूर असतो. एका वर्षी गणपतीला मुंबईहून आलेल्या चुलतभावाने आगळाचा दर बदलण्याचे काम स्वतःकडे घेतले आणि आरती सुरू होण्यापूर्वी ते पूर्णही केले. बदल तपासायला मी बसलो तेव्हा पडद्यावर वरपासून खालपर्यंत लाल-हिरव्या ओळीच दिसत होत्या (लाल म्हणजे जुनी ओळ, हिरवी म्हणजे नवी). त्याच्या एडिटरमध्ये सेव्ह करताच चार स्पेसचा इंडेंट (ओळीच्या आरंभीची मोकळी जागा) आणि एकेरी अवतरणचिन्हे लावण्याची सोय चालू होती, माझी फाइल दोन स्पेसची आणि दुहेरी अवतरणांची होती, त्यामुळे जवळजवळ प्रत्येक ओळ बदललेली दाखवली जात होती. “दादा, मी फक्त दर बदलला,” असे तो म्हणाला आणि ते खरेच होते. परंतु २५० च्या जागी २५ पडले आहेत ही गोष्ट त्या लाल-हिरव्या गर्दीत आम्हा दोघांनाही दिसली नाही. ती एका गिऱ्हाइकाने आनंदाने दाखवून दिली.

चूक त्याच्या एडिटरची नव्हती, माझीही नव्हती. मांडणीचे नियम त्याच्या लॅपटॉपमध्ये होते, माझ्या सवयीत होते, पण प्रकल्पाच्या फोल्डरमध्ये कुठेच नव्हते. फॉरमॅटर बसवण्यासंबंधीच्या बहुतेक सूचना एडिटरपासून सुरू होतात आणि तिथेच संपतात. माझ्या मते तो क्रम उलटा आहे. नियम प्रथम प्रकल्पात लिहावेत, साधनही प्रकल्पातच बसवावे, आणि एडिटरला केवळ ते नियम अमलात आणणारा हात मानावे. पुढील सर्व पायऱ्या याच क्रमाने दिल्या आहेत. आदेश, फाइलींची नावे आणि पर्याय येथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिले असले तरी प्रत्यक्ष टाइप करताना ते रोमन लिपीतच टाइप करायचे आहेत, हे वाचकांनी गृहीत धरावे.

फॉरमॅटर नेमके काय करतो

फॉरमॅटर कोड वाचतो, त्याची व्याकरणदृष्ट्या फोड करून अंतर्गत रचना तयार करतो आणि मग ती रचना ठरलेल्या नियमांनुसार पुन्हा नव्याने लिहून काढतो. जुन्या मांडणीत इकडे-तिकडे डागडुजी करण्यापेक्षा हे वेगळे आहे, आणि म्हणूनच एकच कोड दोघांनी कितीही निराळ्या पद्धतीने लिहिला तरी फॉरमॅटरमधून तो जवळपास सारखाच बाहेर पडतो. कोडमध्ये एखादा कंस उघडा राहिला असेल तर फोडच होऊ शकत नाही, आणि अशा वेळी फॉरमॅटर फाइलीला हात लावत नाही. नवशिक्यांना हे साधन बिघडल्याचे लक्षण वाटते; वास्तविक ते साधन योग्य वागत असल्याचे लक्षण आहे.

लिंटर म्हणजे निराळे काम. न वापरलेले व्हेरिएबल, शंकास्पद तुलना, विसरलेला रिटर्न यांकडे लिंटर लक्ष वेधतो. फॉरमॅटर केवळ ओळी, मोकळ्या जागा, अवतरणे आणि स्वल्पविराम पाहतो. २५० चे २५ झालेले यांपैकी कोणालाच कळणार नाही. ते माणसालाच पाहावे लागते, आणि माणसाला ते दिसावे म्हणून बाकीचा कचरा बाजूला काढायचा असतो.

साधनाची निवड भाषेवरून ठरते. जावास्क्रिप्ट, टाइपस्क्रिप्ट, सीएसएस, एचटीएमएल, जेसन, यॅमल आणि मार्कडाउन यांसाठी जेम्स लाँग यांनी २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेला प्रेटियर सर्वाधिक सोयीचा आहे. पायथनसाठी ब्लॅक किंवा रफ, सी आणि सी-प्लस-प्लससाठी क्लँग-फॉरमॅट वापरले जाते. गो भाषेबरोबर तिचा स्वतःचा फॉरमॅटर येतो आणि त्यात आवडीनिवडीला जवळजवळ वावच ठेवलेला नाही. या लेखात उदाहरण म्हणून प्रेटियर हा फॉरमॅटर आणि व्हीएस कोड हा एडिटर घेतले आहेत. पायथनचा विषय पुढे थोडक्यात येईल.

प्रकल्पात साधन बसवणे

संगणकावर नोड-जेएस (जावास्क्रिप्टमधील साधने चालवणारा प्रोग्राम) असल्याची खात्री करून टर्मिनलमध्ये प्रकल्पाच्या फोल्डरमध्ये जावे आणि ‘एनपीएम इन्स्टॉल’ या आदेशाला ‘सेव्ह-डेव्ह’ व ‘सेव्ह-एक्झॅक्ट’ असे दोन पर्याय जोडून प्रेटियरचे नाव द्यावे. पहिल्या पर्यायामुळे हे साधन केवळ विकसनासाठी आहे अशी नोंद होते. दुसरा पर्याय अनेकजण गाळतात, पण तोच महत्त्वाचा आहे. त्याच्यामुळे पॅकेज-जेसन या फाइलीत आवृत्तीचा नेमका आकडा लिहिला जातो. अन्यथा ‘ही किंवा हिच्यापुढची’ अशी सैल नोंद होते. फॉरमॅटरच्या लहानशा सुधारणेनेही काही ओळींची मांडणी बदलू शकते, त्यामुळे दोन संगणकांवर दोन आवृत्त्या असतील तर नियम एकच असूनही मांडणी निराळी येण्याचा संभव राहतो. पॅकेज-लॉक ही फाइलही गिटमध्ये, म्हणजे फाइलींतील बदलांची नोंद ठेवणाऱ्या साधनात, ठेवावी. उतरवलेली पॅकेजे ज्यात राहतात तो नोड-मॉड्यूल्स हा फोल्डर मात्र ठेवू नये.

त्यानंतर प्रकल्पाच्या मुळाशी ‘डॉट प्रेटियर-आरसी’ नावाची फाइल तयार करावी. तिच्यात रिकाम्या महिरपी कंसांची जोडी लिहिली तरी पुरते. सर्व नियम मूळचेच स्वीकारले आहेत, एवढाच तिचा अर्थ होतो, आणि बहुतेक लहान प्रकल्पांना मी हेच सुचवीन. मूळ नियमांनुसार ओळीची अपेक्षित रुंदी ८० अक्षरे, इंडेंट दोन स्पेसचा, अवतरणे दुहेरी आणि विधानाअखेर अर्धविराम असतो. २०२० मध्ये आलेल्या दुसऱ्या प्रमुख आवृत्तीपासून, अनेक ओळींत मांडलेल्या यादीच्या शेवटच्या घटकानंतरही स्वल्पविराम दिला जातो. हा शेवटचा स्वल्पविराम डोळ्यांना खुपतो खरा, परंतु यादीत नवा घटक जोडताना आधीच्या ओळीला हात लावावा लागत नाही आणि बदल एकाच ओळीचा दिसतो, हे लक्षात आल्यावर त्याची सवय होते.

नियम बदलायचेच असतील तर ते याच फाइलीत बदलावेत आणि प्रत्येक बदलामागे सांगता येईल असे कारण असावे. रुंदी ८० वरून १०० करण्यास माझी हरकत नाही. अवतरणे एकेरी असावीत की दुहेरी यावर मात्र अर्धी संध्याकाळ घालवणारी माणसे मी पाहिली आहेत, आणि त्यांत एकदा मीही होतो.

फॉरमॅटरने कोणत्या फाइलींकडे पाहू नये हे ‘डॉट प्रेटियर-इग्नोअर’ या फाइलीत लिहितात. नोड-मॉड्यूल्स तो आपणहून टाळतो. तयार होऊन येणाऱ्या फाइली, लहान करून ठेवलेली इतरांची स्क्रिप्टे आणि मोठ्या डेटा-फाइली यांची नावे आपण द्यावीत. हे झाल्यावर ‘एनपीएक्स प्रेटियर’ या आदेशाला ‘चेक’ हा पर्याय आणि शेवटी एक बिंदू जोडून तो चालवावा. बिंदूचा अर्थ ‘हा फोल्डर’ असा होतो. या आदेशाने कोणतीही फाइल बदलत नाही. कोणकोणत्या फाइलींची मांडणी बदलावी लागेल, त्यांची यादी तेवढी मिळते. ती यादी वाचावी. नको असलेली फाइल तिच्यात दिसली तर तिचे नाव इग्नोअर फाइलीत घालण्याची वेळ हीच आहे.

ओळीची रुंदी आणि देवनागरी मजकूर

मराठी मजकूर असलेल्या कोडमध्ये रुंदीचा प्रश्न जरा वेगळा आहे आणि त्याबद्दल इंग्रजी मार्गदर्शिकांत सहसा काही नसते. ‘रत्नागिरी’ हा शब्द आपण र, त्ना, गि, री असा चार अक्षरांचा वाचतो. युनिकोडमध्ये मात्र तो र, त, हलन्त, न, काना, ग, ऱ्हस्व वेलांटी, र, दीर्घ वेलांटी अशा नऊ चिन्हांनी साठवला जातो आणि यूटीएफ-८ मध्ये प्रत्येक चिन्हाला तीन बाइट याप्रमाणे २७ बाइट व्यापतो. रुंदी मोजताना काही साधने काना-वेलांट्यांना स्वतंत्र जागा देतात, काही देत नाहीत. परिणामी, पडद्यावर आखूड दिसणारी ओळ फॉरमॅटर मध्येच तोडतो, आणि ‘८० तर झालेच नव्हते’ असे आपण म्हणत राहतो.

यावर दोन उपाय आहेत. ज्या प्रकल्पात मराठी मजकूर विपुल आहे तेथे रुंदी १०० ठेवावी, हा एक. दुसरा आणि अधिक चांगला उपाय म्हणजे मराठी मजकूर कोडमध्ये न लिहिता वेगळ्या जेसन फाइलीत ठेवावा आणि कोडमधून केवळ त्याच्या खुणा वापराव्यात. अवतरणातील मजकुराला प्रेटियर आतून तोडत नाही, त्यामुळे लांबलचक मराठी वाक्य ओळीबाहेर गेले तरी ते तसेच राहते. रुंदीचा आकडा ही कडक मर्यादा नसून शक्य तितके पाळायचे उद्दिष्ट आहे.

याच संदर्भात आणखी एक बाब सांगितली पाहिजे. दर्या आणि दऱ्या या दोन शब्दांतील फरक आपल्याकडे फार मोठा आहे. एक घरासमोर पसरलेला असतो आणि दुसऱ्या घाटात लागतात. दुसऱ्या शब्दातील अर्धा र काही जुन्या टंकलेखन-साधनांत एका अदृश्य जोडचिन्हाच्या मदतीने लिहिला जातो. व्हीएस कोड अशा अदृश्य चिन्हाभोवती चौकट काढून ते संशयास्पद असल्याचे दाखवू शकतो. फॉरमॅटर अवतरणांमधील हे चिन्ह काढत नाही. चौकट पाहून आपण ते घाईने खोडले तर मात्र शब्द बदलतो.

ओळअखेरीची खूण आणि एडिटरकॉन्फिग

विंडोजवर ओळ संपल्याची खूण दोन चिन्हांची असते, लिनक्स आणि मॅकवर एका चिन्हाची. प्रेटियर मूळ नियमाने एका चिन्हाची खूण वापरतो. विंडोजवर गिट बसवताना पुष्कळांकडून अशी निवड होते की फाइल उतरवून घेताना गिट आपणहून दोन चिन्हांची खूण घालते. मग नुकत्याच उतरवलेल्या, कोणीही न बदललेल्या प्रकल्पात ‘चेक’ चालवले तरी सगळ्याच फाइलींविषयी तक्रार येते. हा घोळ मिटवण्यासाठी प्रकल्पात ‘डॉट गिट-अ‍ॅट्रिब्यूट्स’ ही फाइल करून तिच्यात एकच ओळ लिहावी: तारांकन, मग ‘टेक्स्ट बरोबर ऑटो’, मग ‘ईओएल बरोबर एलएफ’. एवढ्याने सर्व संगणकांवर सारखीच खूण येते.

प्रेटियरला न समजणाऱ्या फाइलीही प्रकल्पात असतात आणि त्यांच्यासाठी ‘डॉट एडिटरकॉन्फिग’ उपयोगी पडते. इंडेंटचा प्रकार व आकार, अक्षरसंच, ओळीच्या शेवटच्या रिकाम्या जागा काढणे आणि फाइलीअखेर एक नवी ओळ ठेवणे अशा साध्या गोष्टी तिच्यात लिहितात. प्रेटियरही इंडेंट आणि रुंदी तिच्यातून वाचतो, परंतु प्रेटियर-आरसीमध्ये तोच नियम निराळा दिला असेल तर प्रेटियर-आरसी श्रेष्ठ ठरते. मार्कडाउन फाइलींसाठी ओळअखेरच्या रिकाम्या जागा काढण्याचा नियम बंद ठेवावा, कारण तेथे ओळीच्या शेवटच्या दोन स्पेसचा अर्थ ‘येथे ओळ तोडा’ असा असतो. व्हीएस कोडला ही फाइल समजण्यासाठी त्याच नावाचे एक्स्टेन्शन (एडिटरला जोडायचा पूरक प्रोग्राम) लागते.

एडिटरची जोडणी

आता एडिटर उघडावा, आणि त्यात एकटी फाइल न उघडता प्रकल्पाचा संपूर्ण फोल्डर उघडावा. हा फोल्डर विश्वासाचा आहे का, असे व्हीएस कोड पहिल्यांदा विचारतो. नकार दिला तर प्रेटियरचे एक्स्टेन्शन प्रकल्पात बसवलेली आवृत्ती न वापरता स्वतःबरोबर आलेली आवृत्ती वापरते, आणि आपण नेमकेपणाने नोंदवलेल्या आकड्याचा उपयोग उरत नाही. स्वतःच्या प्रकल्पाला होकार द्यावा. कुठून तरी उतरवलेल्या अनोळखी प्रकल्पाला तो सहज देऊ नये.

कंट्रोल, शिफ्ट आणि एक्स या कळा एकत्र दाबल्यावर एक्स्टेन्शनांची पट्टी उघडते. तेथे प्रेटियर शोधून बसवावे. मिळतीजुळती नावे अनेक असल्याने प्रकाशकाचे नाव पाहावे. मग एखादी जावास्क्रिप्ट फाइल उघडून कंट्रोल, शिफ्ट आणि पी या कळांनी आदेशांची यादी आणावी आणि ‘फॉरमॅट डॉक्युमेंट विथ’ निवडावे. व्हीएस कोडमध्ये जावास्क्रिप्ट, टाइपस्क्रिप्ट, जेसन, एचटीएमएल आणि सीएसएससाठी मूळचेच फॉरमॅटर असतात, त्यामुळे येथे किमान दोन नावे दिसतील. यादीच्या तळाशी ‘कॉन्फिगर डिफॉल्ट फॉरमॅटर’ असा पर्याय असतो. तो घेऊन प्रेटियर निवडावा. ही पायरी चुकली की एकाच फाइलीवर आज एक आणि उद्या दुसरा फॉरमॅटर चालतो आणि मांडणी हिंदोळत राहते.

यानंतर कंट्रोल आणि स्वल्पविराम या कळांनी सेटिंग्ज उघडाव्यात. वरच्या बाजूला ‘यूझर’ आणि ‘वर्कस्पेस’ असे दोन भाग दिसतात, आणि येथे थोडे थांबावे. यूझरमधील निवड त्या माणसाच्या सगळ्या प्रकल्पांना लागू होते आणि त्याच्याच संगणकावर राहते. वर्कस्पेसमधील निवड प्रकल्पाच्या ‘डॉट व्हीएसकोड’ फोल्डरमधील सेटिंग्ज-जेसन फाइलीत लिहिली जाते, गिटबरोबर सर्वांकडे जाते आणि यूझरमधील निवडीपेक्षा वरचढ ठरते. वर्कस्पेस निवडून शोधपट्टीत ‘फॉरमॅट ऑन सेव्ह’ टाइप करावे आणि चौकोनात खूण करावी. हा पर्याय मुळात बंद असतो. डिफॉल्ट फॉरमॅटरची निवडही वर्कस्पेसमध्येच उतरली आहे ना, हे पाहून घ्यावे. त्याच फोल्डरमध्ये एक्स्टेन्शन्स-जेसन नावाची फाइल करून प्रेटियरच्या एक्स्टेन्शनची शिफारस लिहून ठेवली तर प्रकल्प उघडणाऱ्या नव्या माणसाला ते बसवण्याची सूचना आपोआप मिळते. गणपतीला येणाऱ्यांसाठी ही सोय विशेष उपयोगी आहे.

यूझर भागात मात्र मी प्रत्येकाला एक गोष्ट आवर्जून करायला सांगतो. प्रेटियरच्या सेटिंग्जमध्ये ‘रिक्वायर कॉन्फिग’ नावाचा पर्याय आहे. तो चालू केला की प्रकल्पात नियमांची फाइल असेल तरच प्रेटियर चालतो, नसेल तर गप्प राहतो. चुलतभावाच्या लॅपटॉपमध्ये हा पर्याय चालू असता तर माझ्या नियमहीन फाइलीला धक्काही लागला नसता. उलट बाजूने पाहिले तर, प्रकल्पात नियमांची फाइल असताना एक्स्टेन्शन यूझर सेटिंग्जमधील इंडेंट आणि अवतरणांच्या आवडींकडे पाहतच नाही. म्हणजे दोघांपैकी एकाने जरी काळजी घेतली असती तरी आगळ २५ रुपयांना गेले नसते.

चाचणी सोपी आहे. एखाद्या ओळीत मुद्दाम पाच-सहा स्पेस घालून कंट्रोल आणि एस दाबावे. ओळ जागेवर आली की जोडणी झाली.

व्हीएस कोड न वापरणाऱ्यांनाही हेच तत्त्व लागू पडते. व्हिम आणि निओव्हिममध्ये फाइल लिहिण्यापूर्वीच्या घटनेला फॉरमॅटरचा आदेश जोडतात. जेटब्रेन्सच्या एडिटरांत प्रेटियरसाठी सेटिंग्जमध्येच जागा आहे. नियम प्रकल्पात असल्याने परिणाम सर्वत्र तोच येतो.

पहिली सफाई स्वतंत्र कॉमिटमध्ये

जुन्या प्रकल्पात फॉरमॅटर आल्यावर प्रत्येक फाइल एकदा बदलणारच. हा बदल रोजच्या कामाच्या ओघात होऊ दिला तर गणपतीतला प्रसंग रोज घडेल. म्हणून चालू असलेली सर्व कामे गिटमध्ये जमा करून, शक्य असल्यास इतरांच्या शाखा (त्यांनी वेगळ्या ठेवलेल्या बदलांच्या प्रती) आधी मिळवून घेऊन, ‘एनपीएक्स प्रेटियर’ या आदेशाला या वेळी ‘राइट’ हा पर्याय आणि बिंदू जोडून तो एकदाच चालवावा, संकेतस्थळ उघडून पाहावे आणि एवढाच बदल एका स्वतंत्र कॉमिटमध्ये, म्हणजे गिटमधील एका वेगळ्या नोंदीत, नोंदवावा. त्या कॉमिटमध्ये दुसरे काहीही, अगदी शुद्धलेखनाची एखादी दुरुस्तीही, घालू नये.

एचटीएमएल फाइली या वेळी विशेष लक्ष देऊन पाहाव्यात. दोन टॅगांमधील मोकळी जागा ब्राउझरमध्ये दिसू शकते हे प्रेटियरला ठाऊक असते, त्यामुळे ती जागा नव्याने निर्माण होऊ नये म्हणून तो कधीकधी टॅगचा शेवटचा कंस पुढच्या ओळीच्या आरंभी नेऊन ठेवतो. ते दिसायला विचित्र आहे, पण चूक नाही.

या सफाईनंतर गिट-ब्लेमचा आदेश प्रत्येक ओळीचे कर्तेपण तुमच्या नावावर दाखवू लागतो. त्यावर २०१९ मध्ये आलेल्या गिटच्या २.२३ आवृत्तीपासून उपाय आहे. सफाईच्या कॉमिटचा पूर्ण क्रमांक ‘डॉट गिट-ब्लेम-इग्नोअर-रेव्ह्ज’ या फाइलीत लिहावा आणि गिटच्या कॉन्फिगमध्ये ‘ब्लेम डॉट इग्नोअर-रेव्ह्ज-फाइल’ या नावापुढे त्या फाइलीचे नाव द्यावे. हे कॉन्फिग प्रत्येक संगणकावर एकदा करावे लागते.

संपूर्ण सफाई शक्य नसलेले जुने, मोठे प्रकल्पही असतात. तेथे व्हीएस कोडमधील ‘फॉरमॅट ऑन सेव्ह मोड’ हा पर्याय ‘मॉडिफिकेशन्स’वर ठेवावा, म्हणजे गिटच्या हिशेबाने बदललेल्या ओळींचीच मांडणी होते. फॉरमॅटरला फाइलीचा तुकडा मांडता येत असेल तरच हे चालते, आणि फाइल काही काळ अर्धी जुनी, अर्धी नवी दिसते.

जेथे फॉरमॅटरला थांबवावे

आमच्या संकेतस्थळावर भरतीची स्थूल वेळ तिथीवरून काढली आहे. किनाऱ्यावर हा हिशेब तोंडी चालतो: तिथीची पाऊणपट केली की भरतीचा तास मिळतो. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, पौर्णिमेला किंवा अमावास्येला सव्वाअकरा. पंधरा तिथींचा तक्ता मी कोडमध्ये हाताने असा लावला होता (येथे त्यातील चारच ओळी दिल्या आहेत, आणि अंक देवनागरीत आहेत):

[ १,  ०, ४५],
[ ४,  ३,  ०],
[ ८,  ६,  ०],
[१५, ११, १५],

पहिला रकाना तिथी, दुसरा तास, तिसरा मिनिटे. आकडे एकाखाली एक असल्याने चुकीचा आकडा चटकन डोळ्यात भरतो. फॉरमॅटरने मधल्या स्पेस काढल्या आणि तक्ता असा झाला:

[१, ०, ४५],
[४, ३, ०],
[८, ६, ०],
[१५, ११, १५],

कोडच्या दृष्टीने दोन्ही एकच आहेत, तपासणाऱ्याच्या दृष्टीने नाहीत. अशा वेळी त्या यादीच्या लगेच वरच्या ओळीवर दोन तिरप्या रेघांची टिप्पणी करून तिच्यात ‘प्रेटियर-इग्नोअर’ एवढेच लिहावे. तिच्या खालचे एक विधान प्रेटियर जसेच्या तसे सोडतो. सीएसएस आणि एचटीएमएलमध्ये त्या त्या भाषेच्या टिप्पणीत हेच शब्द चालतात. ब्लॅकमध्ये ‘एफएमटी ऑफ’ आणि ‘एफएमटी ऑन’ या दोन टिप्पण्यांमधला भाग सुटतो, क्लँग-फॉरमॅटमध्ये ‘क्लँग-फॉरमॅट ऑफ’ व ‘ऑन’ यांमधला. ही सवलत तक्त्यांपुरतीच ठेवावी. ‘मला असे आवडते’ म्हणून ती वापरू लागलात तर फॉरमॅटर कशाला बसवला, हा प्रश्न उरतोच.

सवलतीशिवायही एक लहान मोकळीक आहे. ऑब्जेक्ट लिहिताना उघडत्या महिरपी कंसानंतर पहिल्या नावापूर्वी आपण ओळ तोडली असेल, तर एका ओळीत मावत असूनही प्रेटियर तो ऑब्जेक्ट अनेक ओळींतच ठेवतो. दरपत्रकासारख्या नोंदींना याचा चांगला उपयोग होतो.

पायथनसाठी थोडे

ब्लॅक हा फॉरमॅटर लुकाश लांगा यांनी २०१८ मध्ये आणला. त्यात ओळीची मूळ रुंदी ८८ असते आणि बदलण्याजोगे पर्याय मोजकेच. मांडणी बदलल्यावर कोडचा अर्थ तोच राहिला आहे ना, हे तो दोन्हींची अंतर्गत रचना ताडून स्वतःच तपासतो. रफमधील फॉरमॅटर २०२३ मध्ये आला. त्याची मांडणी ब्लॅकशी बहुतांशी जुळते आणि वेग बराच अधिक आहे. नवा प्रकल्प असेल तर मी रफ घेईन, कारण लिंटरही त्याच्यातच मिळतो. दोघांचेही नियम ‘पायप्रोजेक्ट डॉट टॉमल’ या फाइलीत लिहितात. व्हीएस कोडच्या सेटिंग्ज-जेसनमध्ये पायथनचे नाव चौकटी कंसात घालून त्या भाषेपुरता डिफॉल्ट फॉरमॅटर वेगळा देता येतो.

सेव्ह केले, पण काहीच झाले नाही

ही तक्रार सर्वांत जास्त ऐकू येते आणि कारणे बहुधा ठरलेली असतात. पहिले पाहावे ते ‘ऑटो सेव्ह’. तो ‘आफ्टर डिले’वर असेल तर काही क्षणांनी आपोआप होणाऱ्या सेव्हच्या वेळी व्हीएस कोड फॉरमॅटर चालवत नाही, आपण स्वतः कंट्रोल आणि एस दाबल्यावरच चालवतो. आमच्याकडे पावसाळ्यात वीज केव्हाही जात असल्याने पुष्कळांनी ऑटो सेव्ह लावलेला असतो, त्यामुळे या कारणाशी माझी ओळख जुनी आहे.

ते नसेल तर कोडमध्ये व्याकरणाची चूक आहे का पाहावे. मग आउटपुटची पट्टी उघडून तिच्या यादीतून प्रेटियर निवडावा. कोणती आवृत्ती वापरली, कोणती नियमांची फाइल सापडली आणि कुठे अडले हे तेथे लिहिलेले असते. फाइल इग्नोअर यादीत असल्याचे, किंवा नियमांच्या फाइलीत एखादा स्वल्पविराम जास्त पडल्याचेही येथेच कळते.

सेव्ह केल्यावर मांडणी होते आणि लगेच लिंटर तिच्यावर लाल रेघा मारतो, अशी अवस्था असेल तर ईएसलिंटमधील मांडणीचे नियम प्रेटियरशी भांडत असतात. ‘ईएसलिंट-कॉन्फिग-प्रेटियर’ हे पॅकेज बसवून ते ईएसलिंटच्या नियमांत सर्वांत शेवटी जोडावे. ते भांडणारे सर्व नियम बंद करते.

एडिटरवर विसंबता न येणारी माणसे असतातच. कोणी एक्स्टेन्शन बसवतच नाही, कोणी मोबाइलवरून ब्राउझरमध्येच फाइल बदलतो. पहिल्यासाठी हस्की आणि लिंट-स्टेज्ड ही दोन पॅकेजे बसवली की कॉमिट होण्यापूर्वी, त्या कॉमिटमध्ये जाणाऱ्या फाइलींवरच प्रेटियर चालतो. ब्राउझरमधून थेट झालेल्या कॉमिटला हेही गाठत नाही. तेथे सर्व्हरवर ‘चेक’ चालवावे लागते, जे मांडणी न जुळल्यास अपयशाचा संकेत देते.

इंटरनेट नसताना, आणि आवृत्ती बदलताना

नोड-मॉड्यूल्स एकदा उतरले की प्रेटियरला इंटरनेट लागत नाही. पॅकेज न बसवता ‘एनपीएक्स’ चालवले तर मात्र ते दर वेळी बाहेर पाहू शकते, म्हणून बसवण्याची पायरी टाळू नये. एक्स्टेन्शनसाठी त्याची व्हीएसआयएक्स फाइल पेन-ड्राइव्हवर ठेवावी. एक्स्टेन्शनांच्या पट्टीतील तीन बिंदूंच्या यादीत ‘इन्स्टॉल फ्रॉम व्हीएसआयएक्स’ हा पर्याय असतो, आणि वाऱ्याने केबल तुटून चार दिवस संपर्क नसला तरी त्याने काम होते.

प्रेटियरची नवी आवृत्ती आली म्हणून लगेच घेण्याचे कारण नाही. घ्यायचीच झाली तर पहिल्या सफाईप्रमाणेच ती स्वतंत्र कॉमिटमध्ये घ्यावी, पॅकेज-जेसनमधील आकडा आणि त्यामुळे बदललेली मांडणी एकत्र नोंदवावी आणि त्या कॉमिटचा क्रमांक ब्लेमच्या इग्नोअर फाइलीत वाढवावा. आम्ही हे काम पावसाळा संपल्यावर, दिवाळीनंतर करतो. तोवर गणपतीतले बदल मिळवून झालेले असतात आणि आंब्याच्या पेट्यांचे दर भरायला अजून अवकाश असतो.